एक फडताळ, दोन उंबरठे

आमच्या घरी जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप फाइल सर्व्हर म्हणून चोवीस तास चालू असतो. त्यात चार टेराबाइटच्या दोन डिस्क आहेत. आईबाबांच्या लग्नाच्या स्कॅन केलेल्या फोटोंपासून पुतण्याच्या गॅदरिंगच्या व्हिडिओपर्यंत सगळं त्यांत भरलेलं. पूर्वी घराघरांत भिंतीतलं फडताळ असायचं, तसं हे आमचं फडताळ. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहतो. दीड फुटी भिंती आणि मधला स्लॅब वायफायला दाद देईनात, तेव्हा त्याने खालून एक वायर वर नेली आणि दुसरा राऊटर बसवला. त्या दिवसापासून गंमत सुरू झाली. त्याच्या लॅपटॉपवरून माझा सर्व्हर उघडायचा, पण त्याने वर जोडलेली त्याची डिस्क मला खालून काही केल्या सापडायची नाही. ‘दादा, तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी आहे,’ हे त्याचं निदान. ते मानून मी दोन संध्याकाळी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये घालवल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘घरात दोन राऊटर आहेत, फाइल सर्व्हर दोन्हीकडून कसा दिसेल?’ असं तेव्हापासून ओळखीपाळखीतलं कोणी ना कोणी मला विचारत असतं. विचारणाऱ्याला हा सर्व्हरचा प्रश्न वाटतो. माझं मत आता पक्कं झालंय: तो सर्व्हरचा नसतो. घरात नेटवर्क किती आहेत आणि किती हवी आहेत, एवढाच तो असतो. बहुतेक घरांत दुसरा राऊटर येतो तो रेंजसाठी, आणि त्याच्याबरोबर एक दुसरं नेटवर्क न मागता पदरात पडतं.

ते मोजायचं कसं? दोन्ही मजल्यांवरच्या लॅपटॉपचे पत्ते बघायचे. विंडोजच्या काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की चार आकड्यांचा पत्ता दिसतो. आमच्याकडे खाली १९२.१६८.१.४० आणि वर १९२.१६८.०.१०७ असं आलं. घरगुती राऊटरांवर नेटवर्कची हद्द बहुधा पहिल्या तीन आकड्यांनी ठरते, म्हणून तिसरा आकडा वेगळा दिसला की नेटवर्क वेगळं समजायचं. कारखान्यातून राऊटर निघतो तेव्हाच हा आकडा त्याच्यात घातलेला असतो. टीपी-लिंकचे बरेच राऊटर शून्यावर येतात, नेटगिअरचे एकवर, जिओफायबरचा डबा २९ वर. तिसरा आकडा सारखा आणि तरी नेटवर्क दोन, असाही एक प्रकार असतो. तो सगळ्यांत वाईट. त्याच्याकडे पुढे येतोच.

आता ती एकतर्फी गंमत. इंटरनेटच्या जुन्या पत्त्यांची एकूण संख्या ४२९ कोटींच्या आसपास, आणि ते संपणार हे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक तात्पुरता उपाय लिहून काढला, तो म्हणजे नॅट. घरातल्या सगळ्यांनी बाहेर जाताना एकच पत्ता लावायचा, आणि दारातल्या राऊटरने कोणाचं काय ते लक्षात ठेवायचं. फेब्रुवारी १९९६ मध्ये खासगी नेटवर्कांसाठी पत्त्यांचे तीन पट्टे नक्की झाले. १९२.१६८ ने सुरू होणारा त्यांतलाच एक. तात्पुरता उपाय तीस वर्षं झाली तरी मुक्कामाला आहे, आपल्याकडच्या तात्पुरत्या पुलांसारखा.

नॅटचं काम सरकारी कचेरीतल्या बारनिशीसारखं चालतं. आतून पत्र बाहेर निघालं की जावक रजिस्टरात नोंद होते. उत्तर आलं की कारकून नोंद बघतो आणि ज्याचं त्याच्या टेबलावर पोचवतो. मात्र बाहेरून कोणी आपणहून पत्र पाठवलं, तर त्याची जावक नोंद नसते. कारकुनाला ते कोणाला द्यायचं कळत नाही, आणि तो ते केराच्या टोपलीत टाकतो. वरचा राऊटर खालच्या राऊटरला लटकवला की भावाचा मजला ‘आत’ होतो आणि माझा ‘बाहेर’. त्याची विनंती नोंद करून माझ्याकडे येते, उत्तर परत जातं. माझी विनंती त्याच्या उंबरठ्यावर पडून राहते. बिघाड कुठेच नव्हता, दोन्ही राऊटर नेमून दिलेलं काम चोख करत होते.

याला जोडून दुसरी एक अडचण असते, आणि लोक दोन्हींची गल्लत करतात. भावाला माझा सर्व्हर उघडता यायचा, तो पत्ता टाइप केल्यावर. विंडोजच्या ‘नेटवर्क’ फोल्डरमध्ये तो त्याला कधीच दिसला नाही. कारण त्या फोल्डरमधली यादी दवंडीवर तयार होते. प्रत्येक मशीन ‘मी अमुक, माझ्याकडे फाइली आहेत’ असं ओरडून सांगतं. जुनी नेटबायोसची हाक, अ‍ॅपलच्या यंत्रांची एमडीएनएस, विंडोजची नवी डब्ल्यूएस-डिस्कव्हरी, टीव्हीला सिनेमे दाखवणारी डीएलएनए: आरोळ्या वेगवेगळ्या, जात एकच. आणि दवंडी वेशीपर्यंतच. राऊटर म्हणजे वेस. यादीत न दिसणं आणि न पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यादीत दिसत नसेल तर आधी एक्सप्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन सर्व्हरचा पत्ता टाकून बघावा. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात. मग तोच पत्ता ड्राइव्ह म्हणून जोडून टाकायचा, आणि सर्व्हरचा पत्ता बदलू नये म्हणून राऊटरमध्ये राखून ठेवायचा. राहतो तो टीव्ही. त्याच्या रिमोटवरून पत्ता टाकण्याची सोय मूळ अ‍ॅपात बहुधा नसतेच. तिथे व्हीएलसी किंवा कोडीसारखं अ‍ॅप घालावं लागतं.

उपायांत पहिला क्रमांक मी देतो तो दुसरं नेटवर्क मोडून टाकण्याला. राऊटर हा खरं तर तीन-चार वस्तूंचा एकत्र डबा असतो: वेस, पत्ते वाटणारा डीएचसीपी, वायर जोडायचा स्विच आणि वायफायचा अँटेना. रेंजसाठी आपल्याला शेवटचे दोनच हवे असतात. हल्लीच्या बऱ्याच राऊटरांत ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ नावाचं एक बटण असतं, ते निवडलं की पहिले दोन झोपी जातात. बटण नसेल तर हाताने करायचं. राऊटरचा स्वतःचा पत्ता बदलून खालच्या नेटवर्कातला मोकळा पत्ता द्यायचा, समजा १९२.१६८.१.२. मग डीएचसीपी बंद करायचं. आणि त्यानंतर खालून आलेली वायर वेगळ्या रंगाच्या वॅन भोकातून काढून शेजारच्या लॅन भोकात लावायची. हा क्रम चुकवू नये. डीएचसीपी चालू ठेवून वायर लॅनमध्ये घातली तर एका घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. एका म्यानात दोन तलवारी. सकाळी ज्याचा फोन ज्याच्या हाती आधी लागेल तसा त्याला पत्ता मिळतो, आणि ‘एकाच घरात माझं नेट चालतं, हिचं नाही’ अशी भांडणं सुरू होतात. आणखी एक: सेटिंग बदलल्यावर तो राऊटर जुन्या पत्त्यावर सापडत नाही. नवा पत्ता कागदी चिकटपट्टीवर लिहून राऊटरच्या पोटाला डकवावा. डोक्यात ठेवला तर सहा महिन्यांनी रीसेटच्या भोकात टाचणी घालायची वेळ येते.

एवढं केलं की दवंडी दोन्ही मजल्यांवर पोचते, टीव्हीला सर्व्हर दिसतो, प्रिंटरसुद्धा सापडतो. वीस मिनिटांचं काम आहे, आणि रेंजसाठी दुसरा राऊटर आणलेल्या घराने पुढचं काही वाचलं नाही तरी चालेल.

काहींना मात्र दोन नेटवर्क खरोखरच हवी असतात. वर भाडेकरू असतात, कोणाच्या कंपनीचा लॅपटॉप इतरांपासून वेगळा ठेवायचा असतो. इथे सर्वांत सोपा उपाय म्हणजे सर्व्हरच उचलून बाहेरच्या राऊटरला लावणं. आतून बाहेर पोचता येतंच, त्यामुळे दोघांचं काम होतं. सेटिंगला हातही लावावा लागत नाही.

पण याच नियमाची एक उलटी बाजू आहे, आणि ती भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. घरमालक आपला राऊटर ठेवतो, त्यातून वायर काढून भाडेकरूला दुसरा राऊटर देतो, आणि ‘त्यांचं वेगळं केलंय’ म्हणून निर्धास्त होतो. प्रत्यक्षात भाडेकरू आत आहे आणि मालक बाहेर! भाडेकरूच्या लॅपटॉपवरून मालकाच्या सर्व्हरच्या दारापर्यंत सरळ जाता येतं. मधे उभा असतो तो फक्त पासवर्ड, आणि घरगुती सर्व्हरांवर तो बऱ्याचदा नसतोच. वेगळेपणा हवा असेल तर ज्याला जपायचं तो आत हवा. दोघांनाही एकमेकांपासून जपायचं तर एका राऊटरखाली दोन स्वतंत्र राऊटर, अशी इंग्रजी वाय अक्षरासारखी रचना करावी लागते. सुरक्षेवर बोलणाऱ्या अमेरिकेच्या स्टीव्ह गिब्सन यांनी ‘तीन बिनडोक राऊटर’ म्हणून तिचा पुरस्कार केला होता. मग दोघांना सामायिक असं जे काही, ते त्या पहिल्या राऊटरशी.

सर्व्हर आतच ठेवायचा आणि बाहेरच्यांनाही द्यायचा, असा हट्ट असेल तर दोन वाटा आहेत. पहिली पोर्ट फॉरवर्डिंगची: बारनिशीच्या कारकुनाला सांगून ठेवायचं की ४४५ क्रमांकाच्या खिडकीवर जे येईल ते थेट अमुक टेबलाला द्या. विंडोजची फाइल-देवघेव ज्या एसएमबी भाषेत चालते तिचा हा क्रमांक. मग खालच्या मजल्यावरून सर्व्हरचा नव्हे, तर आतल्या राऊटरचा बाहेरचा पत्ता टाकायचा. चालतं, पण अशी खिडकी एकाच सर्व्हरला देता येते. आणि ही नोंद फक्त आतल्या राऊटरवर करायची, इंटरनेटला तोंड असलेल्या राऊटरवर कदापि नाही. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम याच ४४५ च्या दारातून जगभर फिरला होता.

दुसरी वाट स्टॅटिक रूटची. जाणकारांना ती आवडते, कारण ती स्वच्छ आहे. आतल्या राऊटरवरचं नॅट बंद करायचं आणि बाहेरच्याला सांगायचं की १९२.१६८.० कडे जायचं असेल तर आतल्या राऊटरच्या बाहेरच्या पत्त्याला, समजा १९२.१६८.१.२ ला, विचार. मग कारकून जातो, नुसता रस्ता उरतो, आणि दोन्हीकडून ये-जा होते. पण पुष्कळ स्वस्त राऊटरांत नॅट बंदच करता येत नाही, आणि इंटरनेटवाल्यांनी दिलेल्या डब्यात स्टॅटिक रूटचं पान लपवलेलं तरी असतं किंवा नसतंच. शिवाय बाहेरच्या मजल्यावर विंडोजचा सर्व्हर असेल तर एक फसवी गोष्ट होते. विंडोजची फायरवॉल खासगी नेटवर्कावर फाइल शेअरिंगला परवानगी देते ती मुळात फक्त ‘आपल्या हद्दीतल्या’ पत्त्यांना. नॅट होतं तोवर वरच्या मजल्याची विनंती राऊटरचा पत्ता लावून यायची, तो हद्दीतलाच, त्यामुळे चालून जायचं. नॅट काढल्यावर खरा पत्ता दिसतो, आणि कालपर्यंत चालणारं आज बंद पडतं. फायरवॉलच्या नियमात दुसरा पट्टाही घालावा लागतो.

उलट नॅटमुळे सगळा मजला एकाच पत्त्याने येतो, याचाही फटका बसतो. माझ्या सर्व्हरवर चुकीचा पासवर्ड पाच वेळा आला की तो पत्ता बंद करायची सोय मी मोठ्या हौसेने केली होती. एका दुपारी पुतण्याने गेमचा पासवर्ड समजून तिथे काहीबाही टाकलं, आणि भाऊ, भावजय, त्यांचा टीव्ही सगळेच हद्दपार झाले. सर्व्हरच्या दृष्टीने तो एकच माणूस होता.

दोन स्वतंत्र इंटरनेट जोडण्या असलेली घरं हल्ली वाढली आहेत. दोन भावांची दोन बिलं असतात, किंवा घरून काम करणाऱ्याने एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून घेतलेली असते. इथे आत-बाहेर काही नाही, दोन वेगळी घरंच. राऊटरला राऊटर नुसता वायरने जोडला की पुन्हा त्या दोन तलवारी. यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो राऊटरांना हातच लावत नाही: सर्व्हरलाच दोन दारं द्यायची. बऱ्याच नॅस यंत्रांना, म्हणजे तयार मिळणाऱ्या फाइल सर्व्हरांना, मागे दोन लॅन भोकं असतात. जुन्या डेस्कटॉपला दुसरं कार्ड किंवा यूएसबीचा अडाप्टर लावता येतो. एक वायर या राऊटरला, एक त्या राऊटरला. दोन्ही मजल्यांवर सर्व्हर घरचाच असल्यासारखा वागतो, दवंडीसुद्धा दोन्हीकडे पोचते, आणि दोन घरं मात्र एकमेकांत मिसळत नाहीत. पथ्यं तीन. दोन्ही नेटवर्कांचा तिसरा आकडा वेगळा हवा. तो सारखा असेल तर उत्तर कोणत्या दाराने पाठवायचं हे सर्व्हरला कळत नाही, आणि हाच तो मघाचा वाईट प्रकार. दुसरं, बाहेरच्या जगाकडे जायचा रस्ता, म्हणजे डिफॉल्ट गेटवे, एकाच दारावर लिहायचा. तिसरं पथ्य लिनक्सवाल्यांसाठी: सर्व्हरने या दारातून आलेलं त्या दाराने पुढे ढकलू नये. लिनक्स मुळात ते करत नाही, पण डॉकर नावाचं सॉफ्टवेअर बसवलं की ते ही सोय स्वतःहून चालू करतं, कोणाला न विचारता.

या सगळ्या चर्चेत वायरकडे कोणी बघत नाही, आणि रोजचा त्रास तिचाच असतो. आमच्याकडे नेटवर्क एक झालं तरी फाइली वर जाताना सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या पुढे सरकेनात. दोनशे गिगाबाइटचे फोटो म्हणजे जवळजवळ पाच तास. गिगाबिट जोडणीत हेच काम अर्ध्या तासाच्या आसपास व्हायला हवं. राऊटर बदलायच्या गोष्टी सुरू झाल्या. शेवटी भिंतीतली वायर ओढली आणि पारदर्शक प्लॅस्टिकच्या टोकात डोकावून बघितलं. केबल टाकणाऱ्या मुलाने आठांपैकी चारच तारा बसवल्या होत्या, उरलेल्या चार व्यवस्थित कापून टेपखाली दडवल्या होत्या. शंभर मेगाबिटला चार तारा पुरतात, दिवा लागतो, नेटही चालतं. गिगाबिटला आठही लागतात. नवीन टोक क्रिम्प करायला दहा मिनिटं लागली. हाच वेग दुसऱ्या कारणानेही पडतो. स्वस्त राऊटरचं वॅन भोक शंभर मेगाबिटचं असतं, आणि दोन नेटवर्क ठेवली तर दोन मजल्यांमधली प्रत्येक फाइल त्याच भोकातून जाते.

वायर नेताच येत नसेल तर मेश, म्हणजे आपसांत जोडलेले वायफायचे डबे, घ्यावी, पण दोन डब्यांमधला दुवा वायफायचाच असेल तर सर्व्हरचा वेग घटणार हे गृहीत धरून. विजेच्या वायरिंगमधून डेटा नेणारे पॉवरलाइन अडाप्टर आपल्या घरांत बेभरवशाचे वाटतात. इन्व्हर्टर, वेगवेगळे फेज आणि मजल्यांचे वेगळे मीटर, सगळं त्यांच्या वाटेत येतं. अंगण ओलांडून दुसऱ्या इमारतीत जायचं असेल तर तांब्याची वायर टाकूच नये, फायबर टाकावं. वळवाच्या पावसात पलीकडे कुठे वीज पडली तरी तांब्यातून झटका दोन्ही टोकांच्या राऊटरांपर्यंत येतो.

दुसरा राऊटर दुसऱ्या गावी असला तर काय? प्रश्न तोच, उंबरठे तेवढे वाढतात. आपल्याकडे अनेक जोडण्यांवर इंटरनेट कंपनीही तुमच्यासाठी एक बारनिशी चालवते, शेकडो ग्राहकांना मिळून एक बाहेरचा पत्ता देते. राऊटरच्या वॅन पानावर १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजावं की आपल्या पोर्ट फॉरवर्डिंगला बाहेर काही किंमत नाही. तशी ती नाही हे बरंच आहे. नॅस थेट इंटरनेटवर उघडं ठेवणाऱ्यांना २०२१ आणि २०२२ मध्ये क्यूलॉकर आणि डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रॅमांनी चांगलंच रडवलं होतं. व्हीपीएन, म्हणजे दोन ठिकाणांमधला खासगी बोगदा, हाच रस्ता. वायरगार्ड नावाचं व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच आलं, आणि त्यावर उभारलेलं टेलस्केल दोन्हीकडच्या मशीनवर टाकलं की कंपनीच्या नॅटलाही न जुमानता जोडणी होते. ते प्रत्येक मशीनला स्वतःचा वेगळा पत्ता देतं, त्यामुळे नाशिकच्या आत्याकडेही १९२.१६८.१ आणि आपल्याकडेही तेच, ही पंचाईत होत नाही. घरातल्या घरात दोन राऊटर जोडायलाही काही जण तेच वापरतात. चालतं, पण एका जिन्यासाठी मला ते फार वाटतं.

नवे, सहाव्या आवृत्तीचे पत्ते आले की नॅट जाईल आणि हा सगळा लेख रद्दी होईल, असं १९९५ पासून म्हटलं जातंय. पत्ते आता बऱ्याच घरांत आले आहेत, पण कंपनीने घराला एकच तुकडा दिला तर आतल्या राऊटरला द्यायला काही उरत नाही, आणि बाहेरून आलेलं न विचारता आत सोडायचं नाही ही राऊटरची सवय तिथेही तशीच आहे.

आमच्याकडे शेवटी वरचा राऊटर अ‍ॅक्सेस पॉइंट झाला आणि भावाची डिस्क जिन्याखाली माझ्या डिस्कांशेजारी आली. गेल्या महिन्यात वरचा राऊटर विजेच्या झटक्याने गेला. त्याने नवा आणला, होती ती वायर होती त्या लॅन भोकात खुपसली आणि तो ऑफिसला निघून गेला. अकरा वाजता आईने खालून फोन केला की तिचं भजनाचं यूट्यूब बंद पडलंय. मी तिला वायफायवर बोट दाबून पत्ता वाचायला सांगितला. ‘एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट,’ ती चष्मा सावरत म्हणाली, ‘शून्य...’

‘वर जा,’ म्हटलं, ‘आणि त्या नव्या डब्याची वायर काढून टाक.’